माणसे किती, हवा किती : गर्दीतील संसर्गाच्या अभ्यासाची प्रस्तावना

रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पालखी निघते आणि निघण्याआधी पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते. ब्रिटिश अमदानीपासूनचा हा मान रोहेकर अजून अभिमानाने सांगतात. रोह्याला खेटून असलेल्या आमच्या वरशाची माणसे त्या दिवशी घरात सापडत नाहीत. 2020 साली दसरा 25 ऑक्टोबरला आला. राज्यातील मंदिरे मार्चपासून भाविकांना बंद होती आणि ती उघडली 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. वर्षातला सर्वांत मोठा दिवस असा बंद दारांच्या काळात येऊन गेला. गावोगावच्या उत्सव समित्यांपुढे, मंडळांपुढे, लग्नघरांपुढे त्या वर्षी एकच प्रश्न होता : माणसे किती चालतील? उत्तर वरून येई. लग्नाला 50, अंत्यविधीला 20. हे आकडे कुठे पाळले गेले, कुठे मोडले गेले, त्यांवरून वादही झाले. ते आले कुठून, असे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

हे विचारणे हाच या पुस्तकाचा विषय आहे. साथीच्या दिवसांत माणसे एकत्र जमली तर लागण होण्याचा धोका किती, हे आधी जोखता येते का? बऱ्याच अंशी येते, आणि ते कसे करायचे याचे एक शास्त्र उभे राहिले आहे. साथरोगांचा अभ्यास, संभाव्यतेचे गणित, बंद जागेतल्या हवेचे मापन आणि माणसांच्या वागण्याची जाण, अशा चार वाटा त्यात येऊन मिळतात. मराठीत त्यावर सलग लिहिलेले थोडेच आहे. वाचकांनी शास्त्र हा शब्द पाहून बिचकू नये. ज्याला दहावीचे गणित थोडेफार आठवते आणि ज्याने एकदा तरी गावजेवणाच्या पंगतीचा हिशेब केला आहे, त्याची पूर्वतयारी झालेली आहे असे समजावे. हे पुस्तक लिहिताना माझ्या नजरेसमोर डॉक्टरांपेक्षा ग्रामसेवक, आशाताई, शाळेतले शिक्षक आणि मंडळाचे खजिनदार अधिक होते.

तुम्ही म्हणाल, कोविडचे निर्बंध एप्रिल 2022 मध्ये गुढीपाडव्याच्या तोंडावर उठले, मास्क कपाटात गेले, आता हे कशाला? शंका रास्त आहे. तिचे उत्तर भविष्याची भीती घालून देण्यापेक्षा मागे वळून देणे मला बरे वाटते, कारण या विषयात आपल्या प्रदेशाचा अनुभव मोठा आहे आणि आपण तो विसरलो आहोत.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे मुंबई सोडून गेली. त्यांतली कितीतरी बोटींनी कोकणात उतरली आणि बंदरांवर त्यांची तपासणी होऊ लागली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. हज यात्रेकरूंची मुंबईहून सुटणारी जहाजे त्या वर्षी थांबवण्यात आली. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने अंमलात आणला तो हाच, सव्वाशे वर्षे जुना कायदा. लोकांनी कायद्याची वाट पाहिली होती असेही नाही. प्लेगात उंदीर पडू लागले की गाव उठून माळावर, शेतात झोपड्या घालून राहायला जाई. दाट वस्ती विरळ करणे हा उपाय गावाला कोणत्याही पुस्तकाशिवाय सुचला होता. 1918 च्या इन्फ्लुएंझाने 6 ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत 768 बळी घेतले. 2009 साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, 3 ऑगस्टला, आणि गणेश चतुर्थी होती 23 ऑगस्टला. शाळा, चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली, मग उत्सव आला आणि लोक तोंडाला रुमाल बांधून देखावे पाहायला गेले. इतक्या वेळा हा पेपर दिल्यानंतर तरी प्रश्नपत्रिकेची ओळख असायला हरकत नव्हती. 2020 मध्ये आपण ती पहिल्यांदाच पाहिल्यासारखे वागलो.

आता मूळ हिशेबाकडे वळू. तो इतका साधा आहे की पहिल्या भेटीत त्याच्यावर विश्वास बसत नाही.

समजा, आपल्या परिसरात आज दर 500 माणसांमागे एकाला लागण झालेली आहे आणि ती दुसऱ्याला लागू शकते. तुम्ही 50 माणसांचा कार्यक्रम ठरवला आहे. त्या 50 जणांत निदान एक बाधित असण्याची शक्यता किती? सरळ उत्तर काढायला गेलात तर गुंता होतो. म्हणून प्रश्न उलटा करायचा : एकही बाधित नसण्याची शक्यता किती? एक माणूस बाधित नसण्याची शक्यता 500 पैकी 499. दोघेही नसण्याची त्याच्या वर्गाइतकी. 50 जणांसाठी हाच अपूर्णांक 50 वेळा गुणायचा. उत्तर येते 90 टक्क्यांहून किंचित अधिक. म्हणजे निदान एक बाधित असण्याची शक्यता जवळजवळ 10 टक्के. 200 माणसे असतील तर ती 33 टक्के होते, 500 असतील तर 63, आणि हजारांच्या सभेत 86. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत जोशुआ वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 च्या जुलैत याच हिशेबाचा नकाशा लोकांसाठी खुला केला. आपला जिल्हा निवडायचा, जमणाऱ्या माणसांची संख्या निवडायची, की टक्केवारी समोर. त्या नकाशाने लाखो लोकांना जे शिकवले ते आपल्याला वही-पेन्सिल घेऊन शिकता येते.

इथे नवखा वाचक हमखास एक चूक करतो, मीही केली होती. 500 मागे एक, म्हणजे 500 जमले की एक बाधित असणारच, असे त्याला वाटते. तसे नसते, 37 टक्के वेळा एकही नसतो. गेल्या खेपेला काही झाले नाही, मग आता काय होणार, हा गावोगावी ऐकू येणारा युक्तिवाद या 37 टक्क्यांतून जन्मतो. सुटलेल्या खेपेचे श्रेय माणूस आपल्या शहाणपणाला किंवा देवाला देतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे आणि तुम्ही तिच्यापाशी थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. माणसे दहापट झाली की बाधित माणूस असण्याची शक्यता दहापट होत नाही, हे आपण पाहिले. पण माणसामाणसांतल्या जोड्या मोजा. 50 माणसांत 1,225 जोड्या होतात. 500 माणसांत 1,24,750. माणसे दहापट, जोड्या शंभरपट. अर्थात मोठ्या सभेत प्रत्येक जण प्रत्येकाला भेटत नाही, त्यामुळे खरा आकडा कुठेतरी मध्ये असतो. तो मध्ये नेमका कुठे, हे लोक बसतात कसे, फिरतात कसे यावर ठरते. खुर्च्यांवर बसून ऐकलेले व्याख्यान आणि जत्रेतला पाळणा यांची माणसे सारखी असली तरी जोड्या सारख्या नसतात.

आणि तो 500 मागे एक कुठून आणायचा? सगळ्या हिशेबाचा पाया इथे आहे आणि तो मऊ जमिनीवर आहे, हे प्रस्तावनेतच सांगून टाकलेले बरे. दीड लाख वस्तीचा एखादा तालुका घ्या. मागच्या दहा दिवसांत तिथे 60 जणांचा अहवाल पॉझिटिव्ह आला. पण ज्यांनी स्वॅब दिलाच नाही, ज्यांना लक्षणे नव्हती, ज्यांनी ताप अंगावर काढला, ते यात नाहीत. प्रत्येक नोंदलेल्या रुग्णामागे प्रत्यक्षात पाच बाधित धरले तर 300 होतात, म्हणजे 500 मागे एक. आता भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ऑगस्ट-सप्टेंबर 2020 च्या रक्ततपासणी सर्वेक्षणाकडे पाहा. देशात एका नोंदलेल्या रुग्णामागे 26 ते 32 जणांना लागण होऊन गेली असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. पाचाऐवजी 25 धरून पाहा. बाधित 1,500, म्हणजे 100 मागे एक. मग त्याच 50 माणसांच्या लग्नातला धोका 10 टक्क्यांवरून 40 टक्क्यांच्या घरात जातो. वधूवर तेच, मांडव तोच, बदलले फक्त आपले गृहीतक. जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या तीन विभागांत तपासणी झाली तेव्हा झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के आणि इतर वस्तीत 16 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. एकाच विभागात, रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन वेगळे आकडे. त्यामुळे तालुक्याचा आकडा वरशाला लावताना आणि वरशाचा आकडा एमआयडीसीतल्या कामगारांच्या खोल्यांना लावताना हात जरा थबकला पाहिजे. कमी चाचण्या करणारे गाव कागदावर नेहमीच निरोगी दिसते.

इथवर आपण फक्त बाधित माणूस दारातून आत येईल का, एवढेच विचारले. तो आत आल्यावर काय होते, हा प्रश्न हवेचा आहे. अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. कोकणी वाचकाला तो सर्वांत लवकर उमगेल असेही मला वाटते.

10 मार्च 2020 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाच्या भागात एका गायकवृंदाची तालीम झाली. 61 माणसे अडीच तास एका सभागृहात गायली. त्यांतल्या 53 जणांना कोविड झाला असे पुढे नोंदले गेले, 33 चाचणीने सिद्ध आणि 20 लक्षणांवरून. दोघे दगावले. तालमीला आलेल्यांनी हस्तांदोलन टाळले होते, हात स्वच्छ केले होते. गाताना मात्र ते खोल श्वास घेऊन जोरात सोडत होते आणि हवा तीच तीच होती. अशा घटना जमा होत गेल्या आणि जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे जागतिक आरोग्य संघटनेचे लक्ष वेधले.

हा प्रसंग वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सभागृह आले नाही. भाद्रपदातले माजघर आले. बाहेर पाऊस झोडपतो आहे, खिडक्या लावून घेतल्या आहेत, मखरासमोर चाळीस माणसे दाटीने बसली आहेत आणि भजन रंगले आहे. बुवांनी सूर चढवला की कोरस त्याहून वर चढवतो. टाळ-मृदंगात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही म्हणून तो कानाला लागून बोलतो. आरती झाली की मंडळी पुढच्या घरी, तिथे पुन्हा तेच. स्कॅजिटची तालीम एकदाच झाली होती, आपली आळीतल्या प्रत्येक घरात होते. हेच भजन त्याच माणसांनी ओटीवर किंवा अंगणातल्या मांडवात केले तर धोका पुष्कळ खाली येतो. किती, ते पुढे गणिताने येईल. तोवर एक साधे माप सांगतो. आपण सोडलेल्या श्वासात साधारण 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि मोकळ्या हवेत दहा लाख भागांत सुमारे 420 भाग. खोलीत ठेवलेल्या छोट्या यंत्राने 1,000 दाखवले तर तुम्ही घेतलेल्या हवेतला जवळपास दीड टक्का भाग कोणाच्या तरी फुप्फुसातून नुकताच बाहेर आलेला असतो. हे एकदा समजल्यावर बंद खोलीत बसताना नजर आपोआप खिडकीकडे जाते. माझी तरी जाते, आणि घरचे त्यावरून हसतात.

त्या काळातल्या आदेशांनी डोकी मोजली, खिडक्या क्वचितच मोजल्या. कारण समजण्यासारखे आहे. डोकी पोलीस पाटलालाही मोजता येतात, हवा मोजायला यंत्र लागते आणि यंत्र वापरायला कोणीतरी शिकवावे लागते. तरीही माझे मत असे की उघड्या मैदानात अंतर राखून बसलेली 200 माणसे आणि वातानुकूलित हॉलमध्ये दारे लावून जेवणारी 50 माणसे यांत पहिल्यांना परवानगी नाकारून दुसऱ्यांना देणे ही चूक होती. जपानने तेव्हा लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या : बंद जागा, दाटी आणि जवळून बोलणे. या तीन शब्दांत निम्मे शास्त्र येते. उरलेले निम्मे येण्यासाठी हेही लक्षात घ्यावे लागते की सगळे बाधित सारखे पसरवत नाहीत. कोविडमध्ये 10 ते 20 टक्के बाधितांकडून सुमारे 80 टक्के प्रसार झाला, असे अनेक अभ्यासांत दिसले. बहुतेक जण कोणालाच देत नाहीत आणि एखादा अख्ख्या भजनी मंडळाला देतो. सरासरीवर विसंबणाऱ्याची इथे फसगत होते.

मात्र मोकळी जागा म्हणजे सुरक्षित जागा असेही समीकरण मांडू नये. आमच्याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हात झालेल्या प्रचंड समारंभानंतर उष्माघाताने माणसे गेली. तिथे संसर्गाचा संबंध नव्हता. पण साथीच्या काळात चैत्र-वैशाखात कार्यक्रम ठरवणाऱ्याला मांडवाला कनात लावायची की सोडायची, हा निर्णय ऊन आणि हवा दोन्ही तोलूनच घ्यावा लागतो.

गर्दी मोजताना आपण मांडव मोजतो आणि वाट विसरतो. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते रोहा स्टेशन गणपतीच्या आदल्या आठवड्यात ज्याने पाहिले आहे, त्याला वाट म्हणजे काय हे सांगायला नको. चाकरमानी येतो तो मुंबईतली लोकल, दादर-परळचा एसटी थांबा, गाडीतले सहा-आठ तास हे सगळे अंगावर घेऊन. 2020 ला गणेश चतुर्थी 22 ऑगस्टची होती. 12 ऑगस्टपर्यंत कोकणात पोहोचणाऱ्यांनी दहा दिवस विलगीकरणात राहावे आणि त्यानंतर येणाऱ्यांनी आधी चाचणी करून यावे, असा निर्णय शासनाने केला होता. 12 आणि 22 मधले अंतर पाहा, नियमामागचे गणित सरळ दिसते. त्या वर्षीच्या ज्या थोड्या नियमांत आकड्याचे कारण आकड्यातच वाचता येत होते, त्यांतला हा एक. तो कितपत पाळला गेला हे ज्याच्या त्याच्या गावाला माहीत आहे.

वारीचे उदाहरण याहून समृद्ध आहे आणि या पुस्तकात ते वारंवार येईल. 2020 मध्ये पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका 30 जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या आणि 1 जुलैची आषाढी संचारबंदीत पार पडली. पुढच्या वर्षीही मानाच्या दहा पालख्या बसनेच गेल्या. पायी वारी पुन्हा निघाली ती 2022 मध्ये. वारकऱ्यांना ते किती जड गेले असेल हे वेगळे सांगायला नको. अभ्यासक म्हणून पाहिले तर वारी ही एक गर्दी नाहीच. दिवसा ती मोकळ्या आभाळाखाली चालते, तिथे धोका कमी. मुक्कामी ती राहुट्यांत, शाळांत, धर्मशाळांत दाटते, तिथे वाढतो. पंढरपुरात दर्शनबारीत ती तासन्‌तास अंगाला अंग लावून उभी राहते. आणि द्वादशीनंतर ती हजारो गावांत परतते, प्रत्येक गावात दोन-चार माणसे अशी. हा शेवटचा टप्पा सर्वांत शांत आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा. हे चार टप्पे वेगळे मांडले की वारी होऊ द्यायची की नाही यापलीकडचे प्रश्न विचारता येतात : मुक्काम विरळ करता येतील का, दर्शनाची वेळ वाटून देता येईल का, परतीनंतरचा आठवडा गावाने कसा काढायचा. 2020 च्या जूनमध्ये हे सगळे करण्याइतकी माहिती आणि वेळ कोणाकडेच नव्हता, त्यामुळे तेव्हाच्या निर्णयाला मी नावे ठेवणार नाही. नावे ठेवायचीच तर दुसऱ्या एका गोष्टीला ठेवीन. त्याच पंढरपूर-मंगळवेढ्यात 17 एप्रिल 2021 रोजी, दुसरी लाट चढत असताना, विधानसभेची पोटनिवडणूक झाली आणि प्रचाराच्या सभाही झाल्या. विषाणूला सभेचे निमित्त कळत नाही.

धोका जोखण्यात न्यायाचाही प्रश्न असतो आणि तो पेणइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. जुलै 2020 मध्ये सार्वजनिक गणेशमूर्तीला चार फुटांची आणि घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा आली. तर्क बरोबर होता. मूर्ती लहान झाली की उचलणारे हात कमी, मिरवणूक लहान, विसर्जनाला गर्दी कमी. पण पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत कामाचे चाक वर्षभर फिरत असते. जुलैत आखणीची घाई चालू असते, नव्याने साचे घालायची वेळ निघून गेलेली असते. योग्य निर्णय उशिरा आला तर त्याची किंमत गर्दीत जाणाऱ्यापेक्षा भलताच कोणी मोजतो. आमच्या शास्त्राच्या पुस्तकांत हा मुद्दा सहसा परिशिष्टात असतो. इथे तो मुख्य प्रकरणात घेतला आहे.

आणि काही गर्दी टाळता येतच नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. हजारो माणसांना आदल्या रात्रीपासून शाळांत आणि समाजमंदिरांत हलवावे लागले, साथ ऐन भरात असताना. पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. तिथे धोक्याचे टक्के काढून कोणाला घरी पाठवायचे? तिथे हिशेबाचा उपयोग वेगळा होतो : कोणत्या वर्गात वृद्ध ठेवायचे, कोणती खिडकी वाऱ्याच्या आडोशाला उघडी ठेवता येईल, खोकणाऱ्यासाठी कोणती खोली राखायची. गर्दीचे गणित गर्दी मोडण्यासाठीच असते असा ज्यांचा समज आहे, त्यांनी निसर्गवरचे प्रकरण आधी वाचावे.

वाचकांनी हे पुस्तक पहिल्या पानापासून ओळीने वाचलेच पाहिजे असा आग्रह नाही. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी हवेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, गणित पुढे आपोआप हवेसे वाटेल. मात्र वाचताना शेजारी आपल्या माहितीतला एक कार्यक्रम ठेवावा. मी हळद सुचवतो. पेण-रोहा पट्ट्यात लग्नापेक्षा हळदीला माणसे जास्त असतात हे सर्वांना ठाऊक आहे. मांडव तीन बाजूंनी उघडा असतो, ही जमेची बाजू. डीजेमुळे प्रत्येक जण ओरडून बोलतो, ही वजा बाजू. पंगतीत तोंड उघडेच असते. आत स्वयंपाकघरात धूर आणि बायकांची दाटी असते, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आणि सर्वांत आतल्या खोलीत खाटेवर आजी असते, जिच्या पाया पडायला प्रत्येक पाहुणा वाकतो. कागदावर घराचा आराखडा काढा, माणसे कुठे किती वेळ असतात ते लिहा आणि मग सांगा, धोका कुठे आहे. बहुतेकांचे बोट आधी मांडवावर जाते.

माणसे मोजण्याबद्दल एक अनुभवाची गोष्ट. मी पहिल्यांदा असा हिशेब केला तो नात्यातल्याच एका हळदीचा. माझ्या अंदाजाने तीनशे माणसे होती. आचाऱ्याला विचारले तर तो म्हणाला, पावणेपाचशे पाने उठली. तेव्हापासून गर्दीचा आकडा मी यजमानाला विचारत नाही, आचाऱ्याला विचारतो. यजमान परवानगीच्या अर्जातला आकडा सांगतो.

या पुस्तकातली सर्व गणिते हाताने करून पाहण्यासारखी आहेत आणि ती तशी करून पाहावीत. दिलेले गृहीतक तुमच्या गावाला लागू नसेल तर खोडून आपले घालावे, समासात त्यासाठीच जागा सोडली आहे. कुठे चूक सापडली, किंवा तुमच्या गावाने 2020-21 मध्ये एखादी पालखी, यात्रा किंवा बारसे वेगळ्या रीतीने पार पाडले असेल, तर त्याचा तपशील जरूर लिहून पाठवावा : जागा कोणती होती, किती माणसे होती, किती वेळ होती आणि खिडक्या उघड्या होत्या की बंद.

वरसे, ता. रोहा, जि. रायगड